बुटकी लेन्स आणि रीताताई

आमच्या मानोरा गावात अशी बोलवा आहे की रीता चव्हाण लग्नात रडायचे पैसे घेते. नवरीच्या गळ्यात पडते, हंबरडा फोडते आणि दुसऱ्या दिवशी बिल पाठवते. बसस्टँडवरच्या चहावाल्याने मला हे इतकं रंगवून सांगितलं, की मी ते त्याच्याच घोगऱ्या आवाजात चार घरी पोचवून आले: "अवं, खरंच सांगून राह्यलो! हिशोबानं रडते ते पोट्टी!"

साफ खोटं आहे. रीताताई पैसे फोटोचे घेते. रडणं फुकट असतं, आणि तेही तिच्याकडून करवून घेतलं जातं. कसं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या घराला लागून नरेंद्रकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. रीताताई जवळच्या बंजारा तांड्यातली. आईबाप ऊसतोडीला गेले तरी ही मागे राहून बारावी झाली आणि स्टुडिओत लागली. आधारचे फोटो, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत काकांच्या मागे लाईट धरून उभं राहणं, एवढंच तिचं काम. तिने कॅमेऱ्याला हात लावला की काका जिभेने "च्च!" करायचे. हा "च्च" मला फार झकास जमतो. मी दाराआडून काढला तरी रीताताईचा हात चटका बसल्यासारखा मागे यायचा.

या उन्हाळ्यात तिच्या तांड्यातल्या निताचं लग्न ठरलं. निताची आजी कमलीबाई स्टुडिओत येऊन खुर्चीवर बसली आणि रीताताईकडे बोट करून म्हणाली, "फोटू आमची पोरगी काढीन. नाही तं कोनीच नाही." ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून काका कबूल झाले. पण ती गेल्यावर रीताताईला म्हणाले, "हे लग्न जमलं तं पुढच्या ऑर्डरी तुह्या. फसलं तं पुन्हा लाईट धर, बाप्पा."

त्याच आठवड्यात अकोल्याच्या दुकानदाराने दोन लेन्स वापरून पाहायला दिल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची. दोन्ही झूम न होणाऱ्या, म्हणजे जवळ-दूर व्हायचं तर आपणच चालायचं. पस्तीसची बुटकी. तिच्यात सगळे मावतात, पण जवळ शिरावं लागतं. पंच्याऐंशीची जाडजूड. ती लांबून एकच चेहरा उचलते आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवते. काकांचा जीव जाडीवर.

"पंच्याऐंशी लाव. च्च! ऐक माह्यं. मागचं सारं ब्लर. नवरी कशी दिसन? सिनेमातल्यावानी!"

"पन काका, ढावल्यात काय करू?"

ढावलो म्हणजे बंजाऱ्यांच्या नवरीचं रडगाणं. सासरी निघताना ती एकेका बाईच्या गळ्यात पडून, रडत रडत गाते. भोवती बायांचं असं कडं होतं की बाहेरून नुसत्या पाठी दिसतात.

"लांबून पाठीच येतीन," रीताताई म्हणाली. "आत शिरा लागते. बुटकी घेऊन."

"आत गेलीस तं बाया तुलेच धरतीन," मी म्हटलं. "तू त्यायचीच पोरगी. निस्ता पदर येईन फोटोत."

"एक चेहरा नीट आला तं?"

"तं मी काकाची नक्कल काकाच्या तोंडापुढं करीन."

"आन नाही आला तं मी तुयी नक्कल करीन, पिंके. भर बजारात."

लागली पैज.

लग्नाच्या दिवशी काका स्वतः तांड्यावर आले. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकली आणि तिथून हुकूम सोडायला सुरुवात केली. त्यांच्या धाकाने रीताताईने सकाळपासून जाडीच लावली होती. खोटं कशाला बोलू, फोटो देखणे येत होते. मग निताची आत्या, भागिरथाबाई, कॅमेऱ्यात डोकावली. काकांच्याही कानावर जावं म्हणून ती तांड्याची बोली सोडून मुद्दाम मराठीत बोलली.

"हे नवरी. हे हार. आन मागं हे धुरावानी धुपट कायचं व?"

"ते... तुमीच हाव, आत्या."

"मी?" आत्याने दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. "मी धुपट? सख्खी आत्या, रातभर एसटीत उभी राहून आली, आन मले पुसून टाकलं? काय वैर आहे तुयं माह्यासंग?"

"आत्या, ते लेन्सच तशी आहे."

"मंग निताले म्हन लेन्सच्याच गळ्यात पडून रड. मी नाही येत ढावल्यात."

निताचं तोंड एवढंसं झालं. कमलीबाईने रीताताईकडे असं पाहिलं की मलाच तिथून पळावंसं वाटलं. एका धुपटापायी लग्न बिघडणार, ऑर्डरी जाणार आणि लाईटचा दांडा परत हातात येणार.

रीताताईने जाडी काढली. ट्रॉलीवरून आवाज आला, "च्च!"

हात मागे आला नाही. बुटकी खटकन बसली.

"आत्या," ती म्हणाली, "आता या. तुमच्या नाकातल्या फुलीचा खडा नाही दिसला तं मले तांड्यात घेऊ नका."

आत्या फुरफुरत आली. निताने तिच्या गळ्यात हात टाकून सूर लावला आणि कडं मिटलं. रीताताई आत, तिच्या मागून मी. आणि मी म्हटलं होतं तेच झालं! कमलीबाईने रीताताईला छातीशी आवळलं. "तूही जाशीन व एक दिवस, माय!" दुसऱ्या दोघी तिच्या खांद्यावर पडून रडायला लागल्या. रीताताईच्याही डोळ्यांना धार लागली. मी मनात म्हटलं, जिंकले. पदरच पदर.

तेवढ्यात पाहिलं, तर कमलीबाईच्या पाठीमागून एक हात वर आला. त्यात कॅमेरा, मागची स्क्रीन खाली वळवलेली. म्हातारीच्या मिठीत, हुंदके देत, रीताताई फोटो काढत होती. खटक. खटक. खटक.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टुडिओत फोटो उघडले. खांदा. पदर. कोणाचा तरी अंबाडा. काका तोंड वाकडं करून पुढे सरकवत होते आणि मी हसू दाबत होते. मग एक फोटो आला आणि काकांचा हात थांबला.

निताचं तोंड ओळीच्या मध्येच उघडलेलं. तिच्या गालाला गाल लावून आत्या, फुलीच्या खड्यासकट. मागे सगळ्या बाया, एकूण एक ओळखू येणारी. कडेला कमलीबाईचे पांढरे केस आणि रीताताईचा स्वतःचा ओला कान.

काकांनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा केला. फोटो पाहायला आलेली भागिरथाबाई कॉम्प्युटरच्या काचेला नाक लावून म्हणाली, "आता दिसली का मी! माह्या पोराच्या लग्नाले हेच पोरगी. आन तो बुटका डब्बाच आनजो व."

जाडी दुपारच्या एसटीने अकोल्याला गेली. लाईटचा दांडा आता काका धरतात.

आणि मी? मी काकांच्या तोंडापुढे रीताताईकडे वळून उभी राहिले, चष्मा नाकावर ओढला, पोट पुढे काढलं आणि म्हटलं, "च्च! पंच्याऐंशी लाव. ऐक माह्यं. सिनेमातल्यावानी!" समोरून खटक असा आवाज आला. तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लागलाय. माझं वाकडं तोंड स्वच्छ दिसतं, आणि माझ्या मागे काकांचं लालबुंद झालेलंही तितकंच स्वच्छ. बुटकीने काढलाय ना.