पिंपांची पाठवणी

आमच्या ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "त्या केमिकल कारखान्याचं सांग ना." मग मी सांगतो, आणि सांगता सांगता विसरलेलं आणखी काहीतरी वर येतं. घाण उपसायच्या कामात एवढं हसू सापडेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

कारखाना राहुरीच्या पुढं, उसाच्या मधोमध. मालक कधीच गाशा गुंडाळून गेलेला. मागं उरली ती केमिकलची गंजकी पिंपं आणि नाकात बसणारा वास. शेवटी सरकारनं सफाईचं काम काढलं. मी त्यावर सुपरवायझर आणि माझ्यावर शेळके साहेब. साहेब केमिस्ट्रीचे एम.एस्सी. सगळं शास्त्राप्रमाणे झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

पहिल्याच दिवशी त्यांनी गेटला मोठं कुलूप आणायला लावलं. वॉचमन निवृत्तीमामा शनिशिंगणापूरचे. घराला दारच नाही, तर कुलपाशी कसला संबंध! दुसऱ्या दिवशी बघतो तर कुलूप लावलेलं आणि किल्ली कुलपातच. साहेब भडकले. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, किल्ली काढली तर लोक कुलूप तोडतील. सरकारी वस्तूचं नुकसान कशाला?"

चोरी मात्र झाली. पिंपांना कोणी हात लावला नाही. गेला तो कवटीचं चित्र असलेला 'धोका' बोर्ड. आम्ही दुसरा लावला, तोही गेला. शोधत गेलो तर दोन्ही बोर्ड शेजारच्या डाळिंबाच्या बागेला, दोन बाजूंनी दोन. बागवाला जराही ओशाळला नाही. त्यानं आम्हाला बसायला खाट टाकली आणि म्हणाला, "तुमचं ते विष कोन चोरनार हाय? माझी डाळिंबं चोरत्यात."

मग पांढरे सूट आले. डोक्यापासून पायापर्यंत बंद, तोंडावर मास्क. त्या वेशात आमची माणसं आत उतरली, आणि दुपारपर्यंत गावातली दुकानं बंद. शाळा सोडून दिली, पारावर चिटपाखरू नाही. कोरोना परत आला अशी आवई उठली होती. साहेबांना फार वाईट वाटलं. ते स्वतः देवळात गेले आणि भोंग्यावरून सांगितलं, "ग्रामस्थांनी घाबरू नये. हा कोरोना नाही, विषारी कचरा आहे."

अर्ध्या तासात दुकानं उघडली. लोक एकमेकांना सांगत होते, काही नाही, साधं विष हाय.

काम निम्म्यावर आलं तेव्हा वरून निरोप आला की कामाचं उद्घाटन राहिलंय. त्यासाठी मोठे साहेब येणार, तर साइट स्वच्छ दिसली पाहिजे. स्वच्छ करायला तर आम्ही बसलो होतो! शेवटी मंडपवाल्यानं पिंपांवर पांढऱ्या चादरी टाकल्या, वर झेंडूच्या माळा सोडल्या. मोठ्या साहेबांनी एका पिंपावर कोपर टेकून, घातक रसायनांपासून लांब राहण्याबद्दल भाषण केलं. चादर कोपराला चिकटली. ती सोडवेपर्यंत लोक टाळ्या वाजवत राहिले.

पण खरी मजा शेवटच्या दिवशी.

शेवटचा ट्रक भरून उभा होता. कारखान्याच्या भिंतीला लागून कौसाबाईंचं रान. त्यांच्या विहिरीचं पाणी कारखान्यामुळं पिवळं पडलेलं; कित्येक वर्षं त्या दिराच्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. त्या दिवशी त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. मागं सगळा गाव, हलगी वाजतेय. पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा असाच ओटी भरून वेशीबाहेर काढून देत, तसा आमचा ट्रक त्यांना काढून द्यायचा होता.

शेळके साहेब आडवे आले. ही अंधश्रद्धा आहे, यात केमिकल आहे, देवी नाही, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"असंल साहेब. पर तुमचं शास्त्र येईस्तवर माझ्या दोन म्हशी गेल्या."

साहेब बाजूला झाले. बायकांनी ताडपत्रीखाली साडी-चोळी, बांगड्या, नारळ सारले. कौसाबाईंनी बॉनेटला हात लावला आणि म्हणाल्या, "बया, लई झालं. आता येऊ नको." मग साहेबांकडं वळून, "तुमी आनली न्हाई, पर तुमीच न्हेताय. वेशीपातुर चाला. येताना मागं बघू नका."

साहेब चालले. परत आले तेव्हा मान ताठ, नजर समोर.

ट्रक निघाला. पुढच्या गावाच्या वेशीवर लोक आधीच ताट घेऊन उभे होते. त्यांनी ओटी भरून पुढं काढला. त्याच्या पुढच्या गावानंही तेच केलं.

संध्याकाळी विल्हेवाट केंद्रातून फोन आला. तिथला माणूस वैतागला होता. ट्रकमध्ये पिंपांबरोबर ढीगभर साड्या, बांगड्या, नारळ निघालेत, हा घातक कचरा धरायचा की साधा? साधा असेल तर परत पाठवतो म्हणाला.

मी फोनवर हात ठेवून साहेबांना विचारलं. एम.एस्सी. केमिस्ट्रीनं एकदा वेशीकडं बघितलं, पटकन मान फिरवली.

"घातक," साहेब म्हणाले. "काहीही झालं तरी परत पाठवू नका म्हणावं."