शुद्ध पिठाचं दुकान

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळ्या ‘नाकबंद’ म्हणायच्या. दवाखान्यांतून मळक्या चादरींची गाठोडी यायची. ती सोडून, डाग बघून वेगवेगळे ढीग लावायचं काम कोणालाच नको असायचं. रक्त, ओकारी, पू, आणखी काय काय. आम्ही तोंडाला दोन-दोन फडकी बांधून कसंबसं ते उरकायचो. ती मात्र मेथी निवडायला बसावं तशी बसायची, आणि काम झालं की हात खसाखसा धुऊन डब्यातला भात चवीने खायची. एकदा मी विचारलं, तुला शिसारी कशी येत नाही. म्हणाली, आजारी माणसाची घाण ती, त्याने काय हौसेने केली का?

हीच बाई पुढे खाण्याच्या दुकानात शिरली की तोंडावर पदर धरायला लागली. ते कसं झालं ते मी जवळून पाहिलं, कारण आमची घरं एकाच जिन्यावर आहेत.

लग्नानंतर बऱ्याच उशिरा तिला मुलगी झाली. घरात माणसं मोजकी. नवरा पाण्याचे जार पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर, सासू गुडघेदुखीने घरातच. पोरगी जन्मली तेव्हा गुटगुटीत होती, पण महिनाभरात तिचं बिनसलं. अंगावर पाजलं की पोर धनुष्यासारखी वाकडी व्हायची आणि कोणी चिमटा काढल्यासारखी रडायची. गालांवर, कोपरांच्या खळग्यांत लाल खरखरीत चट्टे उठले. आणि एक दिवस लंगोटात शेंबडासारखी शी, त्यात रक्ताचे धागे.

आयुष्यभर लोकांच्या चादरींवरचं रक्त धुतलेली बाई ते लंगोट हातात धरून माझ्या दारात आली आणि हे काय आहे ते तूच बघ, म्हणाली.

पोरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, घाबरू नका. आईच्या खाण्यातलं दूध आणि सोयाबीन हिला सोसत नाही, अंगावरच्या दुधातून ते हिच्या पोटात जातं. पाजणं बंद करायचं नाही, पण तुम्ही या दोन गोष्टींचा कणसुद्धा खायचा नाही. आणि उपाशीही राहायचं नाही. डाळी, पालेभाज्या, फळं, अंडी, मासे भरपूर खायचं. नाकबंद मान डोलावत घरी आली. दूध, दही, लोणी, चहा सोडला की झालं, असं तिला वाटलं होतं.

खरी गंमत दुकानात कळली. ती पाकिटं उलटी करून मागचं बारीक वाचायला लागली. बिस्किटात दूध पावडर, हे समजण्यासारखं आहे. पण पावात दूध पावडर. मसाल्याच्या पुडीत दुधाचं काहीतरी. खारवलेल्या दाण्यांत, सूपच्या पाकिटात, डब्यातल्या माशांतसुद्धा सोयाचं तेल नाहीतर सोयाचं पीठ. तिने दुकानातल्या पोरीला विचारलं, दूध आणि सोया कशात नाही? पोरगी जरा विचार करून म्हणाली, मिठात नाही.

तिथे तिला पहिल्यांदा मळमळलं. मला म्हणाली, इतकी वर्षं आपण मसाला समजून काय गिळत होतो ते आपल्यालाच ठाऊक नाही. कोणाचं तरी उरलंसुरलं वाळवून, दळून आपल्या तोंडात कोंबत होते. तेव्हापासून चकचकीत पाकीट दिसलं की तिचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा.

मग उरला भाजीबाजार. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ताजी भाजी आणि फळं रोज परवडायची नाहीत. म्हणून ती बाजार उठायच्या वेळी जायची, भाजीवाले उरलेला माल गोणपाटावर ओतून मिळेल त्या भावाला काढतात तेव्हा. मी बऱ्याचदा सोबत असायचे. पायाखाली कुजक्या पाल्याचा चिखल, टोमॅटोचा लगदा, वर घोंघावणाऱ्या माश्या, आणि त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ती चांगलं शोधायची. पालकाच्या जुडीत आतली पानं गळून बुळबुळीत झालेली असत, ती बोटांनी निपटून बाहेरची घ्यायची. डागाळलेली केळी, मोडाच्या बाजूने काळी पडलेली रताळी, फुटका भोपळा. भोपळा सगळ्यांत स्वस्त, म्हणून भोपळाच जास्त. घरी येऊन मिठाच्या पाण्यात सगळं धुवायचं, कापायचं, शिजवायचं, आणि पोर रडत असताना उभ्याने गिळायचं. हातांना येणारा तो आंबूस वास साबणाने जात नाही, असं ती म्हणायची. चादरींचा वास जायचा, हा जात नाही.

सासूबाईंचा या सगळ्यावर आधी विश्वास नव्हता. आमच्या वेळी बाळंतिणीला दूध-तूप चोपून घालायचे, आता डॉक्टर सांगतात म्हणून पोरीला उपाशी मारा, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. पण एकदा त्यांनी स्वतः लंगोट बदललं आणि ते रक्त पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचं तोंड बंद झालं. घरातलं दूध त्यांनीच बंद केलं. पातेल्याला, चमच्याला चुकून लागायला नको म्हणून स्वतः कोरा चहा प्यायला लागल्या. चहा हे त्यांचं एकमेव व्यसन, आणि कोऱ्या चहाला त्या काढा म्हणायच्या.

पोरगी सुधारली. चट्टे फिके पडले, रात्री झोप लागायला लागली. पण नाकबंद वाळत चालली होती. गालफडं बसली, केस गळायला लागले. नवऱ्याच्या मनाला ते लागलं. कामावर कोणीतरी त्याला सांगितलं की मोठ्या रस्त्यावर एक नवीन दुकान निघालंय, तिथे सगळं शुद्ध, भेसळ नसलेलं मिळतं, बाळंतिणीसाठी वेगळं पीठ आहे. तो गेला आणि ते पीठ घेऊन आला. निम्म्या आठवड्याची भाजी आली असती तेवढ्यात ती एवढीशी बरणी. बरणीवर लिहिलेलं: फक्त धान्य आणि डाळी, दूध नाही, सोया नाही.

नाकबंद आधी चिडली. पण पीठ पाण्यात शिजवून पेज केली, तर खरंच चवीला बरं लागलं, आणि अंगात जरा जीव आला. दुकानात पुढच्या वेळी ती मलाच घेऊन गेली. काचेच्या बरण्या, लाकडी फळ्या, कुंड्या, मंद वास. दुकानवाल्या बाई हलक्या आवाजात बोलायच्या. नाकबंदने भाव जास्त वाटतो असं म्हटलं तेव्हा त्यांनी मान कलती करून तिच्याकडे पाहिलं.

“ताई, बाळाच्या बाबतीत पैशाकडे बघायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “स्वस्तातलं खाल्लं की ते बाळाच्या अंगावर निघतं.”

नाकबंदचा चेहरा उतरला. बाजारातला तो चिखल तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. तिने पीठ घेतलं. त्यानंतर इतर खर्चाला कात्री लावून ती ते पीठ आणत राहिली, आणि बाजारातल्या भाजीकडे आणि स्वतःच्या हातांकडे जास्तच किळसेने बघायला लागली.

पुढे काही दिवसांतच लंगोटात पुन्हा रक्त आलं.

तिने आधी स्वतःला दोष दिला. कुजकी भाजी, दुसरं काय. भाजी बंद केली. मग डाळ बंद केली. भात, उकडलेला भोपळा आणि ती पेज, एवढंच. भोपळ्याचा तिला इतका वीट आला होता की घास तोंडात फिरत राहायचा. कधी तो हातावर थुंकायची, पोरीकडे बघायची आणि पुन्हा तोंडात टाकायची. तरी रक्त थांबेना. तेव्हा तिचा संशय सासूवर गेला. पेज सासू ढवळायच्या. नातीच्या आईला ताकद यावी म्हणून चोरून दूध घालत असतील, असं तिच्या डोक्यात बसलं, आणि एका संध्याकाळी ते तोंडातून बाहेर पडलं. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. सासूबाईंचा आवाज चढला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की मी या घरात दुधाचा थेंब आणू देत नाही, आणि तू मला हे म्हणतेस. मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी लंगोट घेऊन बोलावलं होतं. पोरीला सासूजवळ ठेवून आम्ही दोघी निघालो. लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने बरोबर घेतलं. दुकान वाटेतच होतं आणि घरातलं पीठ संपलं होतं, म्हणून आत शिरलो.

दुकानातली त्या पिठाची बरणी रिकामी होती. बाईंनी आत काम करणारीला आवाज दिला. आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. ती बाई एका पोत्यातून पांढरी पावडर पाकिटांत भरत होती. हाक ऐकल्यावर तिने हातातलं माप पोत्याच्या काठावर दोनदा आपटलं आणि तेच माप शेजारच्या पिठाच्या पोत्यात खुपसलं. तपकिरी पिठात पांढरी रेघ उमटली. मी पाहिली, आणि नाकबंदने माझ्याआधी पाहिली.

“ते पांढरं काय आहे?” तिने विचारलं.

“दूध पावडर. मुलांसाठी आमचं एक पेय आहे, त्यात घालतो,” बाई म्हणाल्या. “अगदी शुद्ध.”

“माप एकच आहे का दोन्हीला?”

बाईंना प्रश्नाचा रोख कळला. त्यांनी आत पाहिलं, आणि पुन्हा तोच गोड आवाज काढला. म्हणाल्या, कणभर लागलं तर काही होत नाही. उलट बाळाला हळूहळू सवय होते, आईने इतकं हळवं राहू नये.

मला वाटलं ही आता ओरडेल. तिने पिशवी उघडली, लंगोट काढलं आणि बरण्यांच्या मधे, काउंटरवर उलगडून ठेवलं. हिरवट शेंबडी शी, त्यात लाल धागे. मंद वासाच्या त्या दुकानात दुसरा वास पसरला. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक तोंडावर हात धरून बाहेर गेलं. दुकानवाल्या बाई भिंतीपर्यंत मागे सरकल्या.

“हे उचला आधी,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज खरा वाटला. “इथे खाण्याच्या वस्तू आहेत.”

“म्हणूनच इथे ठेवलं,” नाकबंद म्हणाली. “तुमच्या मापातून आलंय ते. माझ्या पोरीच्या पोटातून फिरून आलंय, एवढंच.”

बाईंनी घाईघाईने आधीच्या पिठाचे पैसे परत दिले, वर मधाची एक बाटली पुढे केली. पैसे तिने घेतले. बाटलीला हात लावला नाही. लंगोट घडी करून पिशवीत ठेवलं, आणि बाहेर येऊन गटाराच्या कडेला बसून ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. मी पाठीवर हात फिरवत होते. म्हणाली, चादरींची घाण बरी गं, ती सांगते तरी की मी घाण आहे.

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या त्या भात-भोपळ्यावरून. दूध-सोया सोडून बाकी सगळं खायलाच हवं, नाहीतर अंगावरचं दूध आटेल, असं त्यांनी बजावलं. बाजाराच्या भाजीत काही दोष नव्हता. स्वच्छ धुऊन, शिजवून खा, म्हणाल्या.

घरी आल्यावर ती सासूबाईंपुढे उभी राहिली. माफी मागायची सवय दोघींनाही नाही. तिने दुकानात घडलं ते सांगितलं, मग म्हणाली, “आई, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला.”

सासूबाई पोरीला मांडीवर थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या की धान्य आणून दे, मी निवडते. पण पुढचे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलल्या. असा आळ एका दिवसात धुऊन निघत नाही.

धान्य निवडून झाल्यावर दुखरे गुडघे घेऊन त्या स्वतः सुनेबरोबर गिरणीत गेल्या. गिरणीवाल्याला त्यांनी ठणकावलं की आधी आमचे मूठभर तांदूळ फिरव, आतलं लोकांचं सोयाबीन-बियाबीन निघू दे, ते फेक, मग आमचं दळ. तो कुरकुरला, पण त्याने दरवेळी तसं केलं. बाजार उठताना आम्ही पुन्हा जायला लागलो. नाकबंद पुन्हा डाळी, अंडी, हिरव्या भाज्या खायला लागली. रक्त थांबलं. पोरीच्या मांड्यांना वळ्या पडल्या.

शुद्ध पिठाचं दुकान छान चाललंय. तो आतला पडदा आता नीट ओढलेला असतो. बरणीवर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ वाढली आहे: दुधाचा अंश असू शकतो. नाकबंदने ती वाचली आणि हात पदराला पुसले, जणू बरणीला चिकट काही लागलं होतं.

पोरगी चालायला लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी थोडं थोडं दूध देऊन बघायला सांगितलं. पहिल्या दिवशी चमचाभर, मग वाटीभर. काही झालं नाही. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पेला तिच्या तोंडाला लावला, तो तिने घटाघटा संपवला आणि आणखी मागितलं. सासूबाईंनी त्याच दिवशी दुधाचा चहा केला आणि दोन कप प्यायल्या.

नाकबंद कामावर परत आली आहे. तिलाही आता सगळं खायला मोकळीक आहे, पण दूध ती घेत नाही. भोपळा आमच्या डब्यात असला तर उठून दुसऱ्या बाकावर जाते. घरी पोरगी दूध पिऊन, पांढऱ्या ओठांनी धावत येते आणि गळ्यात पडते. ती आधी पदर ओला करून तिचं तोंड नीट पुसते, वास घेऊन बघते, आणि मगच तिचा पापा घेते.