पावडर लावून हजर

"एकटू पाउडार मेखे एशो."

वर्गावरच्या मॅडम बंगालीत म्हणाल्या. थोडी पावडर लावून ये. माझ्यामागे सगळा वर्ग रांगेत उभा होता. हसला.

वर्गाच्या दाराशी हजेरीचं नवं यंत्र बसवलं होतं. त्याच्यासमोर तोंड न्यायचं, हिरवा दिवा लागला की आपण हजर. गोऱ्या मुलींना लगेच लागायचा. सावळ्यांना दुसऱ्या खेपेला. मी काळी. चांगली काळी. मान तिरकी केली, केस मागे घेतले, डोळे वटारले. दिवा लालच.

"मॅडम, रजिस्टर में लिख लीजिए ना."

"रजिस्टर बंद हो गया. मशीन झूठ नहीं बोलती."

म्हणजे खोटी मी. समोर धडधडीत उभी, आणि गैरहजर.

हे यंत्र आधी प्राध्यापकांसाठी आलं होतं. ते भडकले. आमच्यावर विश्वास नाही का, म्हणाले. सभा घेतल्या. त्यांच्या दारावरून यंत्र उतरलं आणि आमच्या दारावर चढलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. विद्यापीठानं नवं तंत्रज्ञान स्वीकारलं, म्हणून वरच्या मंडळींचे हार घालून फोटो निघाले. त्यांच्या खोलीत चाचणी घेतली तेव्हा म्हणे यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. कसं चुकेल? तिथे माझ्यासारखं कोण होतं?

मी पावडर लावली. हो, लावली. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि माझं एम.ए.चं शेवटचं वर्ष. मैत्रिणीची डबी घेऊन कपाळ, गाल, हनुवटी पांढरी केली. आरशात सोंग दिसलं. यंत्राला मात्र मी दिसले. हिरवा दिवा. मॅडमनी टाळी वाजवली.

"देखा? हो गया ना!"

मग रोज तेच. कोलकात्याचा घाम. पावडर ओघळायची, तोंडावर रेघा घेऊन मी शेवटच्या बाकावर बसायचे.

बाबा खिदिरपूरला कस्टममध्ये, बदलीवर आलेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सांभाळून घे गं. आपण बदलीची माणसं. उद्या इथून जायचंय." आईनं वाटीत बेसन आणि साय कालवून माझ्यापुढे ठेवली. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून ठेवत आली आहे. मॅडमच्या बोलण्यावर मी रडले नव्हते. त्या वाटीकडे बघून रडले.

गावी जातीमुळे मान खाली घालायची, इथे बदलीमुळे. मग वर करायची कधी? विचारलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिले.

एका सकाळी शेजारच्या दाराच्या रांगेतून पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं माझी बाही ओढली. माझ्याइतकीच काळी. तिचा दिवा नुकताच लाल झाला होता. हळूच म्हणाली, "दीदी, आपनी कोन पाउडार माखेन?"

मी कुठली पावडर लावते. थट्टा नव्हती. तिला खरंच हवी होती. मी तिला रस्ता दाखवणारी दीदी.

अंगाची आग झाली. तशीच नळाशी गेले. खसाखसा तोंड धुतलं. ओढणीनं पुसून यंत्रासमोर उभी राहिले. लाल. पुन्हा लाल. हलले नाही.

"हटो. लाइन रुकी है," मॅडम म्हणाल्या.

"नहीं हटूँगी. मैं हाज़िर हूँ."

"परीक्षा नहीं देनी?"

"देनी है. इसी मुँह से."

या वेळी फार कुणी हसलं नाही. पण माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. मॅडमनी मला गैरहजर ठेवलं. त्यानंतरही रोज ठेवतात.

मी रोज तोंड धुऊन जाते. रोज यंत्रासमोर उभी राहते, रोज रांग अडते. परीक्षा कदाचित बुडेल. बाबांची बदली झाली, तर त्यांनी जावं. मी जाणार नाही. प्राध्यापक नको म्हणाले तेव्हा याच यंत्राचे खिळे निघाले होते. आमच्या दारावरचेही निघतील. मी काढायला लावीन.