आरशाला टेकलेली कबड्डी

इथे कुवेतमध्ये, मिरकाबच्या सलूनमधले आमचे चाचा रत्नागिरीकडचे. केस कापताना त्यांचा मोबाईल आरशाला टेकलेला असतो आणि त्यात तिकडच्या कुठल्यातरी मैदानावरची कबड्डी चालू असते. चढाई सुरू झाली की चाचा स्वतःचाच दम रोखतात आणि कात्री माझ्या कानाशी थांबते. खेळाडू रेषेला हात लावून सुटला की सुस्कारा टाकून म्हणतात, "हां, मान खाली करा साहेब."

परवा त्यांच्या लाडक्या चढाईपटूचा फोन आला होता. पोरगा नात्यातला नाही, गावचाही नाही. कुवेतचा व्हिसा मिळतोय, कॉलेज सोडून येतो, म्हणत होता. चाचांनी कात्री खाली ठेवली.

"इकडे तुला जेवढा पगार मिळेल तेवढा मी दर महिन्याला धाडतो. तू कॉलेज सोडू नको, खेळ."

माझा नुसता जळफळाट झाला. मीही कॉलेजच्या टीममध्ये चढाया करायचो. माझा व्हिसा आला तेव्हा अख्खी आळी पेढे खायला जमली होती. थांब म्हणणारा एकही नव्हता.

"चाचा, मीपण कबड्डी खेळायचो," न राहवून मी म्हणालो.

"सगळेच खेळायचे साहेब," चाचांनी कात्री उचलली. "मान खाली करा."