पाट्यांचा संगणक

सार्वजनिक संस्थेत काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. यंत्राच्या जाळीवर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात, आणि यंत्र गुदमरून बंद पडलं की मगच आपण फुंकर मारायला बसतो. आज मी तेच करतो आहे. मित्रमंडळी हे किस्से ऐकून हसतात. हसोत! मला मात्र अजून हसू आलेलं नाही. दर वेळी सांगताना राग तितकाच ताजा होतो, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

प्रसंग बेलापूरच्या आमच्या वाचनालयातला. मी मराठी-संस्कृतचा निवृत्त शिक्षक. लोकगीतांच्या संग्रहाचं काम माझ्याकडे. दिवाळे गावच्या मनकूबाय या धवलारीण, म्हणजे कोळ्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणणाऱ्या मानाच्या बाई. (आमच्या कार्यवृत्तात त्यांचा उल्लेख ‘फोक सिंगर’ असा झाला होता. तो मी खोडला. पुन्हा छापला गेला. पुन्हा खोडला.) दोन वर्षांपूर्वी त्यांचे धवले, म्हणजे ही लग्नातली गाणी, आम्ही दोन कॅमेऱ्यांनी चित्रित केले. गेल्या वर्षी घशाच्या आजारातून बाई वाचल्या, आवाज वाचला नाही. आता त्या कुजबुजल्यासारख्या बोलतात. ऐकायला वाकावं लागतं.

आणि नातीची हळद दीड महिन्यावर आली.

“सर, नातीच्या हलदीला मना माजाच गला पायजे,” त्या मला म्हणाल्या. “मी बसन पाटाजवल. गाईल तो तुमचा डबा.”

मी शब्द दिला. काम बाहेरच्या स्टुडिओत नेण्याचा मार्ग बंद होता. मागे कुणा डीजेने त्यांचं एक गाणं उचलून त्यावर बडवाबडवी चढवली आणि यांचं नावसुद्धा घातलं नाही; तेव्हापासून “माजं गानं या घराच्या भायेर जायाचं नाय” ही त्यांची अट. तेव्हा चित्रणाचं संपादन पेलेल असा संगणक वाचनालयातच सुटे भाग आणून जुळवायचा, असं ठरलं.

ठरवणं ही आमच्याकडची सर्वांत सोपी गोष्ट आहे.

*

आधी आमच्या सभागृहातला पंखा सांगितला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल.

हा पंखा तीन भावांनी मिळून दिला. पाती तीन, भाऊ तीन. प्रत्येक पात्यावर एकेकाचं नाव लाल रंगात. अडचण एवढीच, की पंखा फिरू लागला की तिन्ही नावांचं एक लाल वर्तुळ होतं.

मे महिन्यातलं व्याख्यान. तिघे भाऊ पहिल्या रांगेत. वक्त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. मी उठून रेग्युलेटर पाचवर नेला. आमचे चिटणीस जगतापसाहेब, मूळचे साताऱ्याकडचे, उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली, धावत आले आणि त्यांनी तो एकवर आणला.

“सर, देणगीदार बसलेत समोर!”

“वक्तेही उभे आहेत समोर,” मी म्हटलं.

“वक्ते काय हो, दरवर्षी मिळतात!”

*

नव्या संगणकाची निकड का होती, तेही सांगतो.

मनकूबाय एका दुपारी मासळी विकून, रिकामी पाटी दाराशी ठेवून आल्या. “दावा बगू, कवरं जालंय.” मी वाचनालयाचा जुना संगणक लावला. पडद्यावर त्यांच्या तरुणपणच्या गप्पा निघाल्या होत्या: शिडाच्या होड्यांचे दिवस, आणि त्या दिवसांत दुसऱ्याच्या शिडासमोर आपली होडी घालून त्याचा वारा अडवणाऱ्या माणसाशी गावात कुणी सोयरीक करत नसे ती हकीकत. तिथपर्यंत बरं चाललं. मग धवला सुरू झाला, दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं एकदम आली, आणि जुन्या यंत्राने हाय खाल्ली. आवाज पुढे जात राहिला, चित्र जागीच. पडद्यावर मनकूबाय तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, अशा थिजून राहिल्या.

बाई बराच वेळ स्वतःकडे पाहत होत्या. मग माझ्या कानाशी आल्या.

“सर, मी मेल्यावं अशीच दिसन काय वो?”

मी तडक उठून जगतापसाहेबांच्या टेबलाशी गेलो आणि सभा बोलवायला लावली.

*

शाहीन ही खारघरला स्वतःचं दुकान चालवते. पंधरा वर्षं संगणक जुळवण्याचंच काम करते. तिने मला तीनच प्रश्न विचारले: “सर, फुटेज किती आहे? कुठल्या कॅमेऱ्याचं आहे? आणि कधीपर्यंत पाहिजे?” त्यावरून तिने एका पानावर यादी लिहून दिली. आकडेमोड करणारा प्रोसेसर, तो थंड ठेवणारा कूलर, मदरबोर्ड, रॅम, चित्रासाठी ग्राफिक कार्ड, साठवणीला एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. असं गद्य मी फार दिवसांत वाचलं नव्हतं.

सभेत अध्यक्ष बाळारामशेठ म्हणाले, “एकेक वस्तू एकेकाने द्यावी. प्रत्येकाच्या नावाची पाटी लागेल.” बाळारामशेठ दिवाळे गावचेच, वडील होडीवर, हे बांधकामात. माणूस उदार. उदारच म्हणतो, कारण मोजूनमापून शब्द वापरायची मला सवय आहे. पण पुढे जे झालं त्याला मी काय म्हणू?

मॉनिटर द्यायला एकदम तिघे उभे राहिले!

प्रोसेसर द्यायला कुणी नाही.

“तो दिसतो कुठे?” एका ज्येष्ठ सभासदांनी शाहीनला विचारलं.

“नाही दिसत, काका. त्याच्यावर पेस्ट लावायची आणि वर कूलर बसतो.”

“मग कूलर घ्या माझा!”

“पण काका, खाली प्रोसेसरच नसेल तर कूलर थंड काय करणार?”

“ते तुम्ही बघा. तुम्ही टेक्निकल माणसं.”

*

एसएमपीएस म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. तो कॅबिनेटच्या तळाशी, झाकणाखाली बसतो. जन्मभर कुणाला तोंड दाखवत नाही. आठवडाभर त्याला वाली मिळेना. शाहीन रोज फोन करी, “सर, दिवस जातायत.” मी रोज जगतापसाहेबांना सांगे. ते रोज म्हणत, “प्रक्रियेत आहे.”

शेवटी सेक्टरमधले एक गृहस्थ पुढे आले. म्हणाले, “मला नावाची हौस नाही. माझं हे गुप्तदान समजा.” मला खरोखर भरून आलं. मी उभा राहून त्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी ते पाटीचा मजकूर घेऊन हजर. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘गुप्तदान’. खाली त्यांचं पूर्ण नाव, त्याखाली इमारत, फ्लॅट नंबर आणि सेक्टर.

“अहो, मग हे गुप्त कसं?” मी विचारलं.

“सर, मोबाईल नंबर नाही टाकला!”

*

ग्राफिक कार्ड एका व्यापाऱ्याने दिलं, कैलासवासी आईच्या नावे. कार्डाच्या रुंद, पंखे असलेल्या तोंडावर नाव हवं, हा आग्रह. शाहीनने शांतपणे समजावलं, की कार्ड आत आडवं बसतं आणि ते तोंड जमिनीकडे असतं.

“आईचं तोंड जमिनीकडे? चालणार नाही! उलटं बसवा.”

“उलटं बसत नाही, काका. खाच एकाच बाजूने आहे. तसं पाहिजे तर अख्खा कॉम्प्युटरच उलटा ठेवावा लागेल.”

“मग ठेवा की! अडतंय कुठे?”

जगतापसाहेबांनी हे मिनिट्समध्ये ‘सूचना विचाराधीन’ असं नोंदवलं. विचाराधीन! त्या एका शब्दापायी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी दप्तर त्यांच्यासमोर आपटलं, हे मी लपवत नाही. हळदीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

त्यातच जगतापसाहेबांचे जावई आले. “ते गेम खेळतात, त्यांना सगळं कळतं,” अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. त्यांनी शाहीनची यादी एकदा वरून खाली पाहिली आणि म्हणाले, “लाईटिंग कुठाय? काचेचं कॅबिनेट घ्या, आत रंगीत दिवे टाका. पाट्या काय चमकतील!”

दिव्यांचा ठराव एकमताने संमत. एकमताने म्हणजे माझं मत न मोजता.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी यांना अखेरपर्यंत देणगीदार मिळाले नाहीत. ते कुठून आले हे कुणीही विचारलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

*

संगणक जुळला. वास्तविक त्याच दिवशी कामाला बसता आलं असतं. पण उद्घाटन! पाहुण्यांची तारीख मिळेना. आठ दिवस ते यंत्र शालीत गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं, आणि मी रोज त्या कपाटासमोरून येत-जात होतो.

उद्घाटनाला फीत, समई, नारळ. पाहुण्यांनी हळद-कुंकू वाहिलं ते ठीक. मग त्यांनी तांब्यातल्या पाण्याची पळी उचलली. शाहीन झेपावली आणि तिने दोन्ही हात कॅबिनेटवर आडवे धरले. “पाणी नको! प्लीज, पाणी नको!” जगतापसाहेब माझ्या कानात म्हणाले, “या बाईंना रीतभात नाही.” मी म्हटलं, “या खोलीत रीतभात असलेली ती एकटीच आहे.” ते मोठ्याने म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

मग पाट्या बसल्या. वरच्या झरोक्यांवर दोन, काचेवर चार. आणि पुढच्या जाळीवर, मधोमध, बाळारामशेठनी कॅबिनेट दिलं म्हणून त्यांच्या वडिलांची पितळी पाटी, जाळीइतकी रुंद, चार स्क्रूंनी आवळलेली. बाळारामशेठनी रुमालाने ती पुसली. “बाबा शिडाची होडी चालवायचे,” ते पाहुण्यांना सांगत होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते. ते पाणी खरं होतं. म्हणूनच मी तेव्हा गप्प बसलो. ती माझी चूक.

शाहीन गप्प बसली नाही. “शेठ, हवा पुढून आत जाते. पाटी तिथेच आलीय.”

“मग मागून घेऊ दे!” शेठ म्हणाले, आणि सगळे हसले.

*

हळद परवावर आली. चित्रणाची काटछाट मी आणि शाहीनने मिळून पुरी केली होती. फक्त पूर्ण चित्रफीत बाहेर काढायची राहिली होती. सकाळी दहाला शाहीनने आज्ञा दिली. यंत्राने जोर धरला, दिवे नाचू लागले, आणि एक तृतीयांश काम होताच सगळं काळं झालं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच काळं. तिसऱ्यांदा काळं झाल्यावर कॅबिनेटच्या काचेला मी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“गरम होऊन स्वतःच बंद पडतंय, सर,” शाहीन म्हणाली. “वरच्या दोन पाट्या काढल्या मी, विचारलं नाही कुणाला. पण पुढची काढल्याशिवाय होणार नाही.”

दुपारपर्यंत पदाधिकारी जमले. बाळारामशेठ पाटीसमोर उभे राहिले ते हललेच नाहीत.

“सर, विषय संपला. बाबांचं नाव आहे ते. माझ्या हयातीत ते खाली येणार नाही.”

जगतापसाहेबांनी सुवर्णमध्य काढला. “आपण समोर एक टेबलफॅन ठेवू.”

“टेबलफॅन मी देतो!” मागून आवाज आला. “फक्त त्याच्यावर...”

तेव्हा मात्र मी बोललो. तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज होता तेवढा सगळा लावला. दिलेल्या शब्दाचं काय, त्या बाईंच्या गळ्याचं काय, नाव कशासाठी असतं आणि काम कशासाठी असतं, सगळं विचारलं. वाक्यं निर्दोष होती. कुणावर काडीचा परिणाम झाला नाही. बाळारामशेठ म्हणाले, “सर, तुमचं भाषण चांगलं आहे. वार्षिक सभेला ठेवू.”



दाराशी मासळीची पाटी ठेवल्याचा आवाज झाला. मनकूबाय आत आल्या. काळा पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग शाहीनकडे.

“काय अडलंय गो?”

“काकी, इथून वारा आत जायला पाहिजे,” शाहीनने जाळीवर बोट ठेवलं. “नाव आडवं आलंय.”

मनकूबायना वाचता येत नाही. त्यांनी पितळेवरून हात फिरवला. “कोनाचं?”

“बाबांचं, काकी,” बाळारामशेठ म्हणाले.

बाई काहीतरी बोलल्या. ऐकू आलं नाही. बाळारामशेठ वाकले; एवढा रुंद माणूस, त्यांच्या तोंडाशी कान नेईपर्यंत वाकला. आम्ही सगळेच वाकलो.

“बाला, तुजा बापूस कवा कोनाच्या वाऱ्याआड उबा रायला नाय. आनि आता मेल्यावं तू त्याला उबा केलास?”

बाळारामशेठ तसेच वाकलेले राहिले. मग वर न बघता त्यांनी शाहीनपुढे हात केला.

“स्क्रू ड्रायव्हर हाय काय गो?”