पुडीतली अर्धी माती

मी मुळातच संशयी. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरून बघते. माझ्या कामात तो गुण म्हणून खपतो. मी जुन्या मातीतले परागकण शोधते. ओल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतात आणि तेव्हा तिथं काय उगवत होतं ते सांगतात.

आरमोरीकडच्या एका गावात, तलावाकाठच्या जुन्या वस्तीच्या जागेवर आम्ही खोदत होतो. त्याच तलावात मासे धरणारी एक बाई आमच्याकडे मजुरीला होती. पहिल्याच दिवशी तिनं मला हटकलं, "मॅडम, माती काऊन नेऊन राह्यले? कोळसा पाहाले आले का? उद्या गाव उठवान."

परागकणांचं सांगितलं, तर तिला ती थापच वाटली.

"मंग पुडीतली अर्धी माती मले द्या. उद्या खोटंनाटं सांगान तं आमच्याजवळ आमची माती राहीन."

दिली, काय करणार! ती माती खड्ड्यावरच प्लास्टिकच्या पिशवीत भरून पिशवीचं तोंड ती मेणबत्तीवर चिकटवायची. मला हसू यायचं.

प्रयोगशाळेत सगळ्यात खालच्या, हजारो वर्षं जुन्या थरात मक्याचे परागकण दिसले. मका आपल्याकडे आला तो काही शतकांपूर्वी. म्हणजे कोणीतरी वरची माती मिसळली होती. माझ्याखेरीज पुड्यांना हात लागायचा तो तिचाच, त्यामुळे माझा संशय थेट तिच्यावर. मी मुकादमाला फोन करून तिचं काम बंद करवलं, आणि ती खोटी म्हणून गावभर झाली.

वर्षभरानं परत गेले. मुक्काम पूर्वीच्याच भाड्याच्या खोलीत. गच्चीवर गेले. गेल्या वर्षी पुड्या उघडून मी इथंच माती वाळवली होती. शेजारच्या वाडीतला मका तुऱ्यावर होता आणि कठड्यावर पिवळी भुकटी बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर मीच होते.

तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. खड्डा कधीच बुजवला होता, त्यामुळे चांगली माती आता फक्त तिच्याजवळ होती. लाज गिळून तीही मागितली.

"आधी मुकादमाले बोलवा. माह्यासमोर सांगा, मका कुठचा होता ते."

तो आला. मी सांगितलं. मग तिनं आतून डबा आणला. खालच्या थराच्या दोन पिशव्या होत्या, दोन्ही बंदच. एक तिनं माझ्या हातात दिली. दुसरी डब्यात ठेवून झाकण दाबलं.

"हे इथीच राहीन," ती म्हणाली. "तुमचा काई भरोसा नाई."