कमी नंबरची शेगडी

शेगडी घेताना मी कमी नंबरची घेतली. चष्म्याचा नंबर कमी असला की चांगलं, तसंच शेगडीचंही असणार, असा माझा हिशोब.

नंबर माझ्या डोक्यात बसला होता तो डॉक्टरांमुळे. आमच्याकडे चुलीत सुरूची ओली लाकडं. ती जळायची कमी आणि धुमसायची जास्त. बायकोचे डोळे सदा लाल. डॉक्टर म्हणाले, "धूर टाळा, नाहीतर नंबर वाढतच जाईल." डहाणूत आमच्या घरी नुकतीच वीज आली होती, म्हणून ठरवलं, विजेची शेगडी आणायची.

माझी कचेरी तलासरीला. तिथे अजून कंदीलच होते, त्यामुळे विजेचं माझं ज्ञान बटण दाबण्यापुरतं. संध्याकाळी एसटीतून उतरलो तो अंग आंबून गेलेलं. तसाच स्टेशनजवळच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने बोटीवरून उतरलेल्या मालातल्या दोन शेगड्या पुढे ठेवल्या. एकीवर ११० लिहिलेलं, दुसरीवर २३०.

"तमारे घेर केटला वोल्ट, साहेब? मीटर बघून आलात काय?"

"कमी नंबरची द्या."

"कमी-जास्तीचा सवाल नाय. घरी किती, ते सांगा."

"अहो, मी सांगतो ती बांधा."

कचेरीत कोणी ऐकत नसे, म्हणून दुकानात जरा आवाज चढवला. त्याने ११०ची बांधून दिली.

घरी बायकोने वर चहाचं आधण ठेवलं. मी बटण दाबलं. तार लाल झाली, मग पिवळी, मग दिव्यासारखी पांढरी. "बघ, कमी नंबर असून काय तेज आहे," म्हणेपर्यंत फट् झालं. तार तुटली, फ्यूज उडाला, घरात काळोख. बायकोने कंदील लावला, मीटरपाशी धरला आणि वाचलं, "दोनशे तीस. इथे लिहिलंय की."

मग ती चुलीपाशी बसली आणि फुंकणी हातात घेतली. मला एवढा शीण आला होता की सॉरी म्हणायचंही राहिलं.

पुढे दोन महिने ती फुंकतच होती. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्याच दुकानात गेलो, मीटरवरचा आकडा कागदावर उतरवून. दुकानदार कागदाकडे बघून हसला. या खेपेला २३०ची आणली. पण आमचं घर खांबांवरच्या विजेच्या तारेच्या पार शेवटच्या टोकाला, आणि संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की आमच्यापर्यंत वीज पोचायची ती माझ्यासारखीच दमून. शेगडीची तार जेमतेम लाल व्हायची. आधण ठेवून अर्धा तास झाला तरी पाण्याला बुडबुडा नाही.

मी म्हटलं, "हीपण फसली बघ माझी."

बायको पाटावर बसली होती. पदर डोळ्यांना लावायला उचलला, मग कोरडाच खाली सोडला. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "होईल चहा, घाई काय आहे? धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आता तुम्ही स्पष्ट दिसता, तेवढं सोसेन मी."